जंगलातील काष्ठौषधी आणि आपला व्यापार

पावसाळा सरला की मनोर, विक्रमगड, जव्हार या पट्ट्यातील आठवडे बाजारांत वारली, कातकरी बायका टोपल्या घेऊन बसतात. टोपलीत हिरडा, बेहडा, गुळवेलीचे तुकडे, कुड्याचे बी, मुरुडशेंग. हाच माल पुढे पालघर, बोईसर आणि मुंबईच्या अत्तार-पन्सारी दुकानांत हलेला, बलेला, गिलो, इंद्रजौ, मरोडफली अशा नावांनी विकला जातो. टोपली ते दुकान या वाटेवर भाव अनेक पटींनी वाढतो. ज्या पाड्यावरून माल आला, तिथे मात्र तापाच्या रुग्णाला दवाखाना गाठायला आजही अनेकदा डोंगर उतरावा लागतो. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध आपल्या व्यापारी बंधूंच्या ध्यानात यावा, म्हणून हा लेख.

यूनानी आणि आदिवासी औषधांचे नाते जुने आहे. हकीम देतात त्या 'इत्रिफल' या औषधाचे नावच मुळी 'त्रिफळा' या शब्दाचे अरबी रूप आहे. हिरडा, बेहडा, आवळा ही तीन फळे आपल्या जंगलातली आणि हिकमत आपल्या बुजुर्गांची. ताकदीच्या माजूनमध्ये पडणारी सफेद मुसळी घ्या. तिचे शास्त्रीय नाव बोरिवलीवरून पडले आहे. पहिल्या पावसात तिची कोवळी पाने पाड्यावर भाजी म्हणून खातात. मुळी विकून दोन पैसे मिळतात, म्हणून ती सरसकट उपटली जाते आणि पुढच्या वर्षी भाजीही नाही, मुळीही नाही. व्यापाऱ्याने बी पडण्याआधी काढलेली मुळी घेणे थांबवले, तर हे आपोआप थांबेल.

पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याशी आपल्या कोकणी बिरादरीचा जुना संबंध आहे. हिंदुस्थानातून तिथे गेलेल्या कडुलिंबाला स्वाहिली भाषेत 'म्वारोबैनी' म्हणतात. अरबीतल्या 'अरबईन', म्हणजे चाळीस, या शब्दापासून हे नाव आले. चाळीस आजारांवर चालणारे झाड! तिथल्या खेड्यांतही दवाखाना दूर आणि झाडपाला जवळ. पण त्याच मुलखात दुसरेही एक उदाहरण आहे. केनिया आणि टांझानियातील छोटे शेतकरी आर्टेमिसिया नावाची वनस्पती पिकवतात. तिच्यातून मलेरियावरचे औषध निघते. ते शोधणाऱ्या चीनच्या तू यूयू यांना 2015 साली नोबेल पारितोषिक मिळाले. तरीही त्या पाल्याचा नुसता काढा मलेरियावर घेऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण काढ्यात औषधाचे प्रमाण नक्की नसते. आमच्या मते आपल्या पन्सारी बंधूंनी हे उदाहरण विसरू नये.

गुळवेलीचे पाहा. कोरोनाच्या काळात तिला सोन्याचे दिवस आले. शेजारच्या शहापूर तालुक्यातील कातकरी तरुणांच्या वन धन केंद्राला मोठ्या औषध कंपन्यांकडून गुळवेलीसाठी 1 कोटी 57 लाख रुपयांची मागणी मिळाली. केंद्र सरकारने 2020 मध्ये तिचा हमीभाव किलोला 21 वरून 40 रुपये केला. ज्यांना कालपर्यंत वीटभट्टीवर जावे लागे, त्यांनी माल वाळवून, तोलून, थेट कंपनीला विकला. आणि त्याच गुळवेलीबद्दल 2021 मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली. आयुष मंत्रालयाने ही वेल नेमकी कोणती होती, असा प्रश्न उपस्थित केला, कारण तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात आहे. वाद डॉक्टरांचा असो. आपल्यासाठी प्रश्न साधा आहे. आपल्या गोणीत कोणती वेल आहे, हे दुकानदाराला ओळखता येते का? कातकऱ्याला येते. मग त्याला माल गोळा करणारा मजूर न समजता पारख करणारा समजून त्या पारखीचा मोबदला द्यायला हवा.

माल कुठला, हेही विचारावे. 2018 च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत वरच्या जागी होते. रसायने, रंग आणि औषधांचे कारखाने असलेल्या वसाहतीच्या नाल्याकाठची ब्राह्मी किंवा माका कितीही हिरवागार असला, तरी औषधासाठी घेऊ नये. झाडे जमिनीतले जड धातू शोषून घेतात. बोईसरच्या दुकानदाराला हा माल सर्वांत जवळचा आणि स्वस्त पडतो, हाच त्यातला धोका.

कायद्याची बाजू थोडक्यात. वनहक्क कायदा 2006 नुसार गौण वनोपजावर आदिवासींचा मालकी हक्क आहे. त्यांनी मुखत्यार म्हणून आपल्याला माल दिला, तर तो चोरीचा नाही, पण पावती हवी. यूनानी औषधे विकायला परवाना लागत नाही, बनवायला लागतो. हकीमाने स्वतःच्या रुग्णासाठी तयार केलेल्या औषधाला सूट आहे. दुकानात चूर्ण कुटून, पुडीवर नाव छापून विकणाऱ्याला नाही. 1954 च्या कायद्याने मधुमेह, कर्करोग अशा आजारांवर खात्रीच्या इलाजाची जाहिरात करण्यास मनाई आहे. कलौंजीच्या तेलाच्या बाटलीवर असले दावे छापणारे काही बंधू आहेत. त्यांनी दीनचे नाव घेऊन कायदा मोडू नये. गुडघेदुखीच्या पुड्यांत स्टेरॉईड मिसळणाऱ्यांविषयी तर बोलायलाच नको. मापात कमी देणाऱ्यांविषयी सूरह मुतफ्फिफीनमध्ये काय आले आहे, ते आपल्या वाचकांना ठाऊक आहे. भेसळ हीही तीच चोरी.

आता पाड्यांवरच्या आरोग्याकडे वळू. 1992 साली जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुले दगावली, ती आठवण या भागातून पुसलेली नाही. आज आशा कार्यकर्त्या घरोघर जातात, तरी लोक आधी भगताकडेच जातात, कारण तो गावचा आहे. डहाणू तालुक्यात वैद्यकीय संशोधकांनी सर्पदंशाच्या कामात भगतांनाही सोबत घेतले, हे शहाणपणाचे केले. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या विषावर प्रतिविष हाच इलाज आहे आणि ते सरकारी दवाखान्यात मिळते. मुळी उगाळून लावण्यात गेलेला तास रुग्णाचा जीव घेतो. दुकानात "साप चावलाय, काही द्या" असे म्हणत कोणी आले, तर पुडी न देता गाडी काढून द्यावी.

पालघर-बोईसरच्या जमातींनी एक काम हाती घ्यावे, अशी आमची सूचना आहे. मुंबईत वर्सोव्याला अंजुमन-इ-इस्लामचे यूनानी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथून शिकून बाहेर पडलेल्या तरुण डॉक्टरांपैकी एखाद्याला आठवडे बाजाराच्या दिवशी बोलवावे. बाजारात एक टेबल, रक्तदाब मोजण्याचे यंत्र, रुग्णाला पुढे पाठवण्यासाठी चिठ्ठी. खर्च दुकानदारांनी वर्गणीतून करावा. माल विकायला आलेली बाई तिथेच स्वतःला आणि मुलाला तपासून घेईल. जातिधर्म विचारू नये, आणि त्या टेबलावर आपल्या दुकानाचा माल विकायला ठेवू नये. मालाचा तोल मात्र त्याच डॉक्टरांच्या समोर व्हावा, आणि ओला-सुका भाव वेगवेगळा फलकावर लिहावा. वाळल्यावर गुळवेलीचे निम्म्याहून अधिक वजन जाते, आणि भांडणे बहुधा तिथूनच सुरू होतात.