छंद, आनंद आणि धम्म

नोकरी, शेती, धंदा आणि घरसंसार यांतून उरलेला वेळ माणूस कसा घालवतो, यावरून त्याच्या मनाची ठेवण कळते. पोटासाठी केलेल्या कष्टाला मोबदला मिळतो. छंदासाठी केलेल्या कष्टाला मोबदला नसतो, तरी माणूस ते आनंदाने करतो. असे असूनही आपल्या घरांत छंदाला फारसा मान नाही. मूल चित्र काढीत बसले की "अभ्यास कर" असे आपण म्हणतो. घरातील बाई गाणे गुणगुणत शिवणकाम करीत असेल तर ते कामच समजले जाते, तिची कला समजली जात नाही. आणि निवृत्त झालेला गृहस्थ पेटी शिकू लागला तर "या वयात हे काय?" असे शेजारी विचारतात. म्हणून छंदाविषयी धम्म काय सांगतो, आपल्या समाजाचा अनुभव काय सांगतो, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

आपल्याच मातीतील साक्ष

आपले भुईगाव सुरूच्या बनाचे आणि समुद्रकिनाऱ्याचे गाव म्हणून सर्वांना ठाऊक आहे. परंतु धम्माच्या इतिहासातही या गावाचे नाव आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांना माहीत असेल? सन 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्याच्या स्तूपाचे उत्खनन केले. त्याच वर्षी भातेला तलावाजवळ सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पुढे 1956 साली नवव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, तो आपल्या भुईगावात. ज्या वर्षी नागपूरला धम्मक्रांती झाली, त्याच वर्षी या गावच्या एका काळ्या दगडाने अशोकाचे शब्द पुन्हा जगापुढे आणले.

या दोन्ही लेखांचा विषय आपल्या आजच्या विषयाला अगदी लागून आहे. तुकडे अपुरे असले तरी गिरनार आणि काळसी येथील शिलालेखांवरून त्यांचा संपूर्ण आशय आपल्याला कळतो. पूर्वीचे राजे करमणुकीसाठी विहारयात्रेला जात व शिकार करीत, असे आठवा लेख सांगतो. अशोकाने राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी बोधगयेला जाऊन धम्मयात्रा सुरू केली. वृद्धांना भेटावे, दान द्यावे, खेड्यापाड्यांतील लोकांशी धम्माविषयी बोलावे, असा त्या यात्रेचा क्रम होता. आणि यात अधिक आनंद मिळतो, असे तो सम्राट स्वतः सांगतो. अशोकाने करमणूक सोडून दुःख पत्करले नाही. त्याने हलका आनंद सोडून मोठा आनंद घेतला.

भुईगावचा नववा लेख मंगलकार्यांविषयी आहे. आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, त्यांचे फळ थोडे असते. नोकरचाकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम आणि दान हे खरे धम्ममंगल होय, असे अशोक सांगतो. म्हणजे आनंद कशात मानावा आणि मंगल कशाला म्हणावे, या दोन प्रश्नांची उत्तरे आपल्या तालुक्याच्या दगडांवर बावीसशे वर्षांपूर्वीच कोरली गेली आहेत.

कला धम्माला वर्ज्य आहे काय?

काही उपासक विचारतात की, शीलांमध्ये नृत्य, गीत, वादन यांपासून अलिप्त राहण्यास सांगितले आहे, मग गाणे-बजावणे चालेल काय? येथे थोडा खुलासा आवश्यक आहे. गृहस्थाच्या पंचशीलात हा नियम नाही. तो उपोसथाच्या दिवशी पाळावयाच्या अष्टशीलात आहे. त्या दिवशी वाद्य बाजूला ठेवावयाचे, ते मनाला स्वस्थता मिळावी म्हणून. एरवी गृहस्थाने कला शिकू नये असे तथागतांनी सांगितलेले नाही. उलट मंगलसुत्तात बहुश्रुतपणा आणि 'सिप्प' म्हणजे कला-कौशल्य यांची गणना उत्तम मंगलांत केलेली आहे.

दीघनिकायातील सक्कपञ्ह सुत्तात पञ्चसिख हा वीणा वाजवून गातो. तारांचा स्वर आणि गळ्याचा स्वर एकमेकांशी छान जुळले, असे भगवंत त्याला सांगतात. सोण नावाच्या भिक्खूची कथा तर प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावी. चंक्रमण करून करून त्याच्या पायांतून रक्त आले आणि तो निराश झाला. गृहस्थाश्रमात असताना तो वीणा उत्तम वाजवीत असे. भगवंतांनी त्याला त्याच्याच छंदाची आठवण दिली. तार फार ताणली तर वीणा नीट वाजत नाही, फार सैल सोडली तरी नीट वाजत नाही. प्रयत्नाचेही तसेच आहे. मध्यम मार्ग समजावून सांगण्यासाठी तथागतांना एका छंदाचा दाखला पुरला.

थेरगाथा आणि थेरीगाथा हे भिक्खू-भिक्खुणींच्या काव्याचे ग्रंथ तिपिटकातच आहेत. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी हे कोरीवकाम केले असा लेख आहे. त्या कारागिरांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, पण त्यांच्या हातांचे दान आजही दिसते.

'छंद' या शब्दाचा अर्थ

मराठीत आपण ज्याला छंद म्हणतो, तोच शब्द पालीत 'छन्द' म्हणून येतो. त्याचा अर्थ करण्याची इच्छा. इच्छा दोन प्रकारची असते. विषयसुखाच्या ओढीला 'कामच्छन्द' म्हणतात. ते मनाला झाकणारे पहिले नीवरण होय. चांगले करण्याची इच्छा म्हणजे कुशल छंद. चार इद्धिपादांत, म्हणजे यशाच्या पायऱ्यांत, पहिली पायरी हीच आहे. त्यानंतर विरिय, चित्त आणि वीमंसा येतात.

या चार पायऱ्या कोणत्याही छंदाला लावून पाहाव्यात. बासरी ऐकून ती शिकावीशी वाटली, हा छंद. सूर निघत नाही तरी रोज अर्धा तास फुंकर घालणे, हे विरिय. त्या अर्ध्या तासात मन दुसरीकडे न जाऊ देणे, हे चित्त. कोठे चुकले, काल कसे वाजले आणि आज कसे, हे तपासणे म्हणजे वीमंसा. जो मुलगा असे एक वर्ष करील, त्याला ध्यानाला बसणे आणि अभ्यासाला बसणे दोन्ही सोपे जाईल, असे आम्हास वाटते. मनापासून केलेल्या कामात जी प्रसन्नता येते तिला पालीत 'पीति' म्हणतात, आणि ती सात बोज्झंगांपैकी एक आहे. दुसऱ्याचे गाणे, दुसऱ्याचे चित्र पाहून मत्सर न वाटता आनंद वाटला तर ती मुदिता होय.

लादलेली कला आणि निवडलेली कला

आपल्या समाजाच्या दृष्टीने या विषयाला आणखी एक बाजू आहे. आपल्या आजा-पणजांना अनेक कामे जातीने लादलेली होती. अमक्याने वाजवावे, अमक्याने दोर वळावा, अमक्याने सांगावा पोचवावा, असा गावगाडा ठरलेला होता. हातात कसब असूनही त्यात मान नव्हता आणि नकार देण्याचा अधिकारही नव्हता. 1958 च्या कायद्याने मुंबई राज्यातील कनिष्ठ गावकी वतने रद्द झाली. तेव्हा आपल्या माणसाने आज स्वतःच्या आवडीने एखादे वाद्य हाती घेणे ही साधी करमणूक नाही. ते स्वातंत्र्य आहे.

परमपूज्य बाबासाहेबांचेच उदाहरण पाहावे. राज्यघटनेचे आणि चळवळीचे एवढे ओझे असताना उतारवयात ते व्हायोलिन शिकले. चित्रकलेचाही त्यांनी अभ्यास केला आणि उघड्या डोळ्यांचे बुद्ध रेखाटले. ग्रंथांचा छंद तर असा की दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी बांधलेले 'राजगृह' हे घर ग्रंथांसाठीच प्रसिद्ध झाले. पुण्यात सिंबायोसिसच्या डॉ. आंबेडकर संग्रहालयात त्यांचे व्हायोलिन जपून ठेवलेले आहे. सहलीला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी ते अवश्य पाहावे. "वेळ नाही" असे म्हणताना आपण त्या व्हायोलिनची आठवण ठेवावी.

लोककवी वामनदादा कर्डक यांचा जन्म 1922 साली सिन्नर तालुक्यातील देशवंडी गावी झाला. अक्षरओळख त्यांना मोठेपणी झाली. तरीही 2004 साली निधन होईपर्यंत त्यांनी गावोगाव फिरून हजारो गीते लिहिली व गायिली. आपल्याच पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्याचे जिव्या सोमा मशे यांचीही गोष्ट तशीच आहे. वारली चित्रे पूर्वी लग्नप्रसंगी घरच्या स्त्रिया भिंतीवर काढीत. मशे यांनी विधीची वाट न पाहता रोज चित्रे काढली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि 2018 साली वयाच्या ऐंशीपुढे त्यांचे निधन झाले. आणि आपल्या आया-आज्या? जात्यावर दळताना त्यांनी रचलेल्या ओव्यांत बुद्ध आहेत, भीमराव आहेत. महाराष्ट्रातील अशा एक लाखाहून अधिक ओव्या अभ्यासकांनी नोंदवून ठेवल्या आहेत. आपल्या घरातील ओव्या मात्र बहुतेक आजीबरोबरच जातात.

आपण काय करू शकतो?

छंदाला पैसा लागतो हा गैरसमज आहे. वसईच्या या पट्ट्यात माती आणि पाणी दोन्ही गुणी आहेत. अंगणात मोगरा किंवा सोनचाफा लावून त्याची निगा राखणे हासुद्धा उत्तम छंद आहे, आणि विहारात वाहिलेले स्वतःच्या झाडाचे फूल विकतच्या हारापेक्षा मोलाचे आहे. विद्यार्थ्यांनी एक वही घालून आजी-आजोबांकडून ओव्या, भीमगीते आणि जुन्या आठवणी उतरवून घ्याव्यात. आपल्या भगिनींना आठवड्यातून एक संध्याकाळ घरकामातून मोकळी मिळावी, याची जबाबदारी घरातील पुरुषांनी घ्यावी. निवृत्त बांधवांनी रिकाम्या वेळेला घाबरू नये. तो वेळ रिकामा राहिला की एकटेपणा शिरतो, कोठे कोठे बाटलीही शिरते, आणि पाचवे शील मोडते. त्याच हाताला पेटी, ब्रश किंवा कुदळ मिळाली तर माणूस सावरतो, हे आपण आपल्या वस्त्यांत पाहतो.

जयंतीला हजारो रुपये देऊन भाड्याने आणलेला आवाज दुसऱ्या दिवशी विरून जातो. त्याच पैशात एक ढोलकी, एक पेटी आणि काही रंगपेट्या विहारात कायमच्या येतील आणि आपलीच मुले गातील. यावर सभासदांनी अवश्य विचार करावा.

छंदालाही शीलाची कसोटी लावावी. ज्याने प्राण्याला इजा होते, ज्यात जुगार आहे, ज्यापायी घरच्यांच्या तोंडचा घास जातो, तो छंद नव्हे, ते व्यसन. ज्याने मन शांत होते, हात कुशल होतो आणि दुसऱ्यालाही आनंद मिळतो, तो छंद आयुष्यभर जपावा. भुईगावच्या शिळेने सांगितलेले धम्ममंगल रोजच्या वागण्यातले आहे. त्या वागण्यात एखादे गाणे, एखादे चित्र, एखादे फुलझाड असले तर धम्म आपल्या घरात अधिक प्रसन्नतेने नांदेल.

नमो बुद्धाय! जयभीम!