अंतराळात गाडी लागते तेव्हा

कुंभार्ली घाटाचं पहिलं वळण आलं की आई लिंबाची फोड माझ्या नाकाशी धरायची. चिपळूणहून कऱ्हाडला मामाकडे जायचं म्हणजे खिडकीची जागा, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी आणि तोंडात आवळा सुपारी, एवढी तयारी ठरलेली. शेजारी थोरला भाऊ खुशाल शेंगा सोलत बसलेला असे. “हिला गाडी लागते हो,” असं आई पुढच्या बाकावरच्यांना आधीच सांगून ठेवायची. त्या सुरात थोडी दिलगिरी असायची. पोर जरा नाजूक आहे, अशा अर्थाची.

मराठीत ऊन लागतं, दृष्ट लागते, तशीच गाडी लागते. म्हणजे बाधा बाहेरची आणि सोसणारा जीव हळवा. अंतराळवीरांच्या मळमळीबद्दल वाचायला लागले, तेव्हा हे दोन्ही समज उलटेपालटे झाले.

गेर्मान तितोव यांना हळवं म्हणायची कुणाची छाती होईल? सोव्हिएत हवाई दलाचे वैमानिक, वय २५. ६ ऑगस्ट १९६१ रोजी ते व्होस्तोक-२ मधून निघाले. युरी गागारिन एप्रिलमध्ये १०८ मिनिटांत जाऊन आले होते, तितोव मात्र २५ तासांहून अधिक वेळ वर राहिले आणि त्यांनी पृथ्वीला १७ फेऱ्या घातल्या. रॉकेटचं इंजिन थांबलं, वजन नाहीसं झालं आणि त्यांना वाटलं, आपण कोलांटी खाल्ली. आता पाय वर, डोकं खाली असे चाललो आहोत. तो भास ओसरला, पण डोकं हलवलं की गरगरायचं. खाल्लेलं पोटात ठरेना. झोपेतून जाग आली तर स्वतःचेच हात समोर तरंगताना दिसले. ते त्यांनी पट्ट्याखाली खोचले आणि पुन्हा झोपले. अंतराळात गाडी लागलेला माणसांतला हा पहिला गडी.

वर गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून असं होतं, अशी आपली समजूत असते. खरं तर ४०० किलोमीटर उंचीवरच्या अंतराळस्थानकापाशी पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असते. स्थानक सतत पडत असतं. फक्त सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने आडवं धावत असल्यामुळे पडता पडता ते पृथ्वीला चुकवत राहतं. आतली माणसंही त्याच्याबरोबर पडत असतात. जत्रेतला पाळणा वरून खाली येताना पोटात गोळा येतो ना, ती या पडण्याची चुणूक. इथे पाळणा खाली येऊन थांबतच नाही.

ही गडबड पोटाची नाही, कानाची. ऐकण्याच्या यंत्रणेला लागूनच, आतल्या कानात, द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. डोकं कोणत्या दिशेने वळलं ते त्या सांगतात. फुगडी घालून थांबलं तरी अंगण फिरतच राहतं, कारण आपण थांबलो तरी नळ्यांतला द्रव जरा वेळ आपल्या धुंदीत असतो. नळ्यांच्या बुडाशी दोन लहान पिशव्या आहेत आणि त्यांत चिकट पडद्यावर चुन्याचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे. डोकं कललं की खडे त्या बाजूला ओढले जातात, त्यांच्याखालचे सूक्ष्म केस वाकतात आणि खाली कुठे आहे ते मेंदूला कळतं.

हे खडे किती खरे आहेत ते आमच्या आत्याला विचारा. एका पहाटे कूस बदलताना तिला आढं गरगर फिरताना दिसलं. घरात सगळ्यांना वाटलं, रक्तदाब. डॉक्टरांनी तिला खाटेवर निजवलं, मान एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, मग आणखी थोडी, अशी धरून धरून फिरवली. पिशवीतले खडे सुटून नळीत शिरले होते. ते जागच्या जागी ढकलले. “कानात वाळू गेली होती म्हणे,” असं आत्या आता सगळ्यांना सांगते.

वजनरहित अवस्थेत खडे असतात, पण सगळंच एकत्र पडत असल्यामुळे ते कुठल्याच बाजूला ओढले जात नाहीत. डोकं कललं, नळ्यांनी सांगितलं कललं, डोळ्यांनीही सांगितलं, आणि खडे म्हणतात काहीच झालं नाही. या तंट्यात मेंदू गोंधळतो आणि भोगावं लागतं पोटाला. स्पेस शटलमधून पहिल्यांदा गेलेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश लोकांना हा त्रास झाला. बहुतेकांना दोन-तीन दिवसांत उतार पडतो. म्हणूनच या सुरुवातीच्या दिवसांत यानाबाहेर चालायला सहसा पाठवत नाहीत, कारण अंतराळपोशाखात उलटी झाली तर जिवावर बेतेल. अमेरिकेचे सेनेटर जेक गार्न १९८५ मध्ये डिस्कव्हरी या शटलमधून गेले आणि इतके आजारी पडले की नासाच्या मंडळींनी गमतीने मळमळीच्या मापाला ‘गार्न’ असं एकक देऊन टाकलं. गंमत अशी की, जमिनीवर कुणाला गाडी लागते यावरून अंतराळात कुणाला लागेल हे नीट सांगता येत नाही. माझा शेंगा सोलणारा भाऊ तिथे आडवा झाला असता आणि मी कदाचित टुणटुणीत असते, ही कल्पना मला अजून सुख देते.

या सगळ्या वाचनात माझ्या मनात घर केलं ते मात्र अंतराळात कधीच न गेलेल्या अकरा जणांनी. पन्नासचं दशक संपत आलं असताना फ्लॉरिडात पेन्साकोला इथे अमेरिकी नौदलाचे डॉक्टर अ‍ॅश्टन ग्रेबिएल संतुलनाचा अभ्यास करत होते. त्यांनी वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या कॉलेजातून ११ पुरुष निवडले. त्यांतल्या १० जणांची श्रवणशक्ती लहानपणी मेंदूज्वराने गेली होती आणि त्याबरोबर आतल्या कानाची संतुलनाची यंत्रणाही. काहींना फिरत्या खोलीत १२ दिवस ठेवलं. विमानाने सूर मारून काही सेकंदांची वजनरहित अवस्था दिली. त्यांना मळमळ अशी होईचना. मग नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यालगत खवळलेल्या समुद्रात त्यांना बोटीवर नेलं. हे गृहस्थ पत्ते खेळत, गप्पा मारत बसले, आणि संशोधकच इतके आजारी पडले की प्रयोग आवरता घ्यावा लागला.

तो पत्त्यांचा डाव मला डोळ्यांसमोर दिसतो. वाकून वाकून बेजार झालेले धडधाकट डॉक्टर एका बाजूला, आणि दुसरीकडे हातवाऱ्यांनी बोलत पान टाकणारे ज्यांना जगाने अधू ठरवलं होतं ते. ज्याचा कान शाबूत, त्यालाच गाडी लागते. आईची दिलगिरी फुकट गेली म्हणायची.

अंतराळात खडे गप्प झाले की मेंदू डोळ्यांवर विसंबतो आणि डोळे सहज फसतात. सहकारी समोरून उलटा तरंगत आला की क्षणात वाटतं, उलटे आपणच आहोत आणि जमीन छतावर गेली. स्थानकात दिवे ‘वरच्या’ बाजूला बसवतात ते निव्वळ उजेडासाठी नव्हे. कुठल्या तरी भिंतीला छत मानायला मनाला आधार लागतो. भारताचे राकेश शर्मा एप्रिल १९८४ मध्ये सल्यूत-७ या सोव्हिएत अंतराळस्थानकावर गेले, तेव्हा त्यांनी तिथे योगासनांचा प्रयोग केला. पाय टेकायला जमीन नाही अशा ठिकाणी आसन म्हणजे काय, हा प्रश्न पतंजलींनाही पडला असता.

अंतराळाने कानाच्या डॉक्टरांनाही एक धडा दिला. कानात गरम किंवा गार पाणी सोडलं की डोळे लयीत हलू लागतात. व्हिएन्नाचे रॉबर्ट बारानी यांनी यावरून तपासणी बसवली आणि कारण सांगितलं: तापलेला द्रव हलका होऊन वर चढतो, त्यामुळे नळीत प्रवाह सुरू होतो. १९१४ चं नोबेल त्यांना मिळालं तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. १९८३ मध्ये स्पेसलॅब-१ या अंतराळातल्या प्रयोगशाळेत अंतराळवीरांच्या कानांवर ही तपासणी केली. जिथे हलकं-जड असं काही उरत नाही, तिथे डोळे हलायला नको होते. ते हलले. तपासणी आजही कान-नाक-घशाच्या दवाखान्यात चालते, पण तिचं कारण तेवढंच नाही हे कळायला पृथ्वी सोडावी लागली.

१९९८ मध्ये कोलंबिया यानातल्या न्यूरोलॅब मोहिमेत अंतराळवीरांकडे वरून चेंडू सोडत. तो एकाच वेगाने येई, कारण तिथे त्याला वजन नव्हतं. तरी झेलणाऱ्यांचे स्नायू वेळेआधीच ताठ होत, जणू चेंडूचा वेग वाढणारच आहे. डोळ्यांदेखत तसं घडत नसतानाही मेंदू पृथ्वीचा हिशेब सोडत नव्हता. दोन आठवड्यांनीही ती घाई पुरती गेली नाही.

मग परत आल्यावर काय? १९७० मध्ये सोयुझ-९ मधून १८ दिवसांनी उतरलेल्या निकोलायेव आणि सेवास्त्यानोव यांना धड चालता येत नव्हतं. त्यात स्नायूंचा आणि हृदयाचा वाटा होता, पण कानाचाही होताच. खडे पुन्हा जड झालेले असतात आणि मेंदूला त्यांचं ऐकायची सवय मोडलेली असते. डोकं जरा कललं तरी कुणी बाजूला ढकलल्यासारखं वाटतं. डोळे मिटून सरळ उभं राहणं अवघड, कोपऱ्यावर वळताना झोल जातो. तंत्र पुन्हा जमायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात.

२०२५ च्या जूनमध्ये भारताचे शुभांशू शुक्ला अंतराळस्थानकावर पोहोचले. बाळासारखं चालायला आणि खायला शिकतो आहे, असं त्यांनी तिथून सांगितलं होतं. १५ जुलैला ते समुद्रात उतरले. नंतर त्यांनी एक किस्सा सांगितला. पलंगावर बसून ते लॅपटॉपवर काम करत होते. काम झालं, त्यांनी तो मिटला आणि शेजारी हवेत सोडून दिला. तो तिथेच तरंगत राहील, या खात्रीने. नशिबाने खाली गालिचा होता.