जवाच्या दाण्यातली मुलगी इंग्लंडात कशी पोचली?

मुलांनो, अंगठ्याएवढ्या मुलीची गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. अक्रोडाच्या टरफलात झोपणारी, बेडकीनं पळवून नेलेली आणि शेवटी पाकोळीच्या पाठीवर बसून उडून गेलेली थंबेलिना! आमच्या चौथीच्या वर्गात ही गोष्ट चालली होती, तेव्हा एका मुलीनं विचारलं, "बाई, ही इंग्रजी गोष्ट ना?" मी बोलण्याच्या ओघात 'हो' म्हणून गेले आणि घरी आल्यावर चुटपुट लागली. कारण ही गोष्ट लिहिली डेन्मार्कच्या हॅन्स अँडरसननं, डॅनिश भाषेत. मग ती इंग्रजीत आणली कुणी?

तिचं नाव मेरी हॉविट. जन्म 1799 चा, इंग्लंडमधला. घर क्वेकर पंथाचं. साधे कपडे, साधं जेवण आणि घरात कमालीची शांतता! इतकी, की मेरी आणि तिची बहीण अ‍ॅना बोलायलाच उशिरा लागल्या. ज्या गोष्टींची नावं कुणी सांगितली नाहीत, त्यांना या दोघींनी आपले आपणच शब्द तयार केले. तुम्हीही भावंडांबरोबर अशी गुपित भाषा केली असेल, हो ना?

1821 मध्ये विल्यम हॉविटशी तिचं लग्न झालं. तो औषधविक्रेता होता, पण लिहिण्याचा नाद दोघांनाही. 1823 मध्ये दोघांनी मिळून कवितांचं पुस्तक काढलं. पुढे मेरीबाईंनी एका कोळ्याची कविता लिहिली. गोड गोड बोलून माशीला घरात बोलावणारा कोळी! ती इतकी पाठ झाली मुलांना, की लुई कॅरोलनं 1865 च्या 'अ‍ॅलिस'मध्ये तिची नक्कलच केली. (कवितेची नक्कल झाली, की समजावं ती सगळ्यांच्या तोंडी आहे!) मुलांसाठी त्यांनी गोष्टीही पुष्कळ लिहिल्या.

पण मला नवल वाटतं ते पुढचं. 1840 मध्ये हे कुटुंब जर्मनीत, हायडेलबर्गला राहायला गेलं. मेरीबाईंनी चाळिशी ओलांडलेली, पदरी मुलं, घर चालायचं ते लेखणीवर. अशा वेळी त्या स्वीडिश आणि डॅनिश शिकायला बसल्या! 1842 पासून स्वीडनच्या फ्रेडरिका ब्रेमर यांच्या कादंबऱ्या त्यांनी इंग्रजीत आणायला सुरुवात केली. 1845 मध्ये अँडरसनची कादंबरी आणली आणि 1846 मध्ये त्याच्या मुलांसाठीच्या गोष्टी. अँडरसनच्या परीकथांचं इंग्रजीतलं पहिलं पुस्तक ते हेच. त्यात आपली थंबेलिना होती, पण 'टॉमेलिसे' या नावानं.

पैसा मिळाला का? फारसा नाही. एका देशाचं पुस्तक दुसऱ्या देशात कुणीही भाषांतरित करावं आणि छापावं, असा तेव्हाचा कारभार. त्याच 1846 मध्ये इतरांनीही अँडरसन इंग्रजीत आणला. त्यातल्या एकानं तर डॅनिश न शिकता जर्मनवरून काम उरकलं. रात्र रात्र जागून एकानं भाषा शिकायची आणि बाजारात मात्र सगळे एका रांगेत! नवरा-बायकोनं काढलेलं साप्ताहिकही 1848 मध्ये बुडालं.

आता एक गंमत सांगते. तुम्हाला चूक वाटते का बघा. अँडरसनच्या गोष्टीत मूल हवं असलेली बाई चेटकिणीकडे जाते, पैसे मोजते आणि जवाचा दाणा घेऊन येते. मेरीबाईंच्या पुस्तकात चेटकीण नाहीच! तिथे एक भिकारीण शेतकऱ्याच्या दारात येते, शेतकरीण तिला दूध-पाव देते आणि ती खुशीनं खिशातून दाणा काढून देते. मुलांच्या पुस्तकात जादूटोणा नको, असं वाटलं असेल का त्यांना? घरची शिस्त आठवली असेल का? मला विचाराल तर हे बरोबर नाही. दुसऱ्याची गोष्ट आपण दुसऱ्या भाषेत नेतो, तेव्हा त्यातली माणसं बदलू नयेत. पण भिकारणीची सुरुवात वाईट आहे, असंही मला म्हणवत नाही.

पुढे दुःखंही झाली. एक मुलगा लहानपणीच गेला, दुसरा 1863 मध्ये न्यूझीलंडमध्ये बुडाला. थोरला आल्फ्रेड ऑस्ट्रेलियात राहिला. 1861 मध्ये तिथल्या वैराण प्रदेशात बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेतला जॉन किंग ज्या तुकडीला जिवंत सापडला, तिचा म्होरक्या हा आल्फ्रेडच. मेरीबाई शेवटपर्यंत लिहीत राहिल्या आणि 1888 मध्ये रोमला वारल्या.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात आधी माझी चूक कबूल केली आणि मग दोन्ही सुरुवाती सांगितल्या. कुठली हवी विचारल्यावर चेटकिणीसाठी भराभर हात वर झाले. भिकारणीच्या बाजूनं दोघंच होते. का, म्हटलं, तर त्यातला एक म्हणाला, "बाई, तिला खायला मिळालं ना!"