बिनगोडाची ब्लॅक कॅव्हेंडिश

पाइपच्या तंबाखूत मिसळण्यासाठी जी पाने वेगवेगळी तयार करून ठेवतात, त्यांत ब्लॅक कॅव्हेंडिश रंगाने सर्वांत काळी आणि चवीने जवळजवळ सर्वांत सौम्य. कॅव्हेंडिश ही तंबाखूची जात नव्हे. व्हर्जिनिया किंवा बर्ली जातीचे वाळलेले पान ओले करायचे, वाफेवर तापवायचे, दाबाखाली ठेवायचे आणि मग कापायचे, या साऱ्या रीतीला हे नाव आहे. वाफ थोडा वेळ दिली तर पान तपकिरी राहते, बराच वेळ दिली तर काळे होते. या काळ्या कॅव्हेंडिशचेही दोन प्रकार आहेत. एकीत साखर, काकवी, मद्य, व्हॅनिला अशा गोष्टींचा पाक मुरवलेला असतो. दुसरीत पाणी आणि वाफ सोडून काही घातलेले नसते. पाइपच्या दुकानांत खप पहिलीचा जास्त आहे. मिश्रण करणाऱ्याला मात्र दुसरीच लागते, कारण तिच्यात त्याच्या हिशेबाबाहेरचे काही दडलेले नसते.

कॅव्हेंडिश हे नाव सोळाव्या शतकातला इंग्रज दर्यावर्दी टॉमस कॅव्हेंडिश याच्यावरून पडले असे सांगतात. १५८५ साली अमेरिकेच्या किनाऱ्याकडे गेलेल्या इंग्रजी ताफ्यात तो होता. परतीच्या प्रवासात तंबाखू टिकावी म्हणून त्याने ती गोड पाकात भिजवली, अशी दंतकथा आहे. म्हणजे कथेतली कॅव्हेंडिश गोडच होती. तिच्यातला गोडवा काढून टाकण्याचे श्रेय बऱ्याच अंशी ब्रिटनच्या जकात कायद्याला द्यावे लागते. ब्रिटनमध्ये आयात तंबाखूवर वजनावर कर असे. कर भरून झाल्यावर कारखान्यात पानाला साखर आणि काकवी पाजली की वजन वाढायचे आणि वाढलेले वजन तंबाखूच्या भावाने विकले जायचे. सरकारच्या तिजोरीत मात्र त्या वजनाचा एक पैसाही जात नसे. १८४० मध्ये मिसळणुकीचे नियम सैल केल्यावर भेसळीला ऊत आला, म्हणून १८४२ मध्ये कायदा पुन्हा आवळण्यात आला. १८६३ च्या कायद्याने गोड कॅव्हेंडिश बनवायला परवानगी दिली, पण ती जकातीच्या देखरेखीखालच्या गोदामातच. साध्या कारखानदाराच्या हाती उरले ते पाणी, उष्णता, दाब आणि वेळ. एवढ्यावरच त्याला पानाचा तिखटपणा मोडायचा होता, आणि त्यातूनच इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये केवळ वाफेवर आणि तापलेल्या तव्यांवर पान काळे करण्याची कला वाढली. इंग्रजी पद्धतीच्या मिश्रणांत आजही पानाचीच चव पुढे असते, त्याचे मूळ या बंधनात आहे.

कोणते पान वाफेला जाते यावर पुढचे बरेच अवलंबून असते. व्हर्जिनियाचे पान बंद कोठीत, नळ्यांतून खेळवलेल्या उष्णतेने पाच-सात दिवसांत वाळवतात. पिवळेधमक पान मिळवण्याची युक्ती १८३९ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅसवेल काउंटीत सापडल्याचे सांगितले जाते. स्लेड नावाच्या मळेवाल्याकडे स्टीफन हा गुलाम भट्टीवर राखण करीत असता विस्तव विझत आला, त्याने घाईने लोणारी कोळसा टाकला आणि त्या अचानक वाढलेल्या कोरड्या आचेने पान सोन्यासारखे पिवळे झाले. बर्लीची रीत निराळी. तिचे पांढुरके रोप १८६४ मध्ये ओहायोतल्या ब्राउन काउंटीत प्रथम लक्षात आले. हे पान हवेशीर कोठारात टांगून चार ते आठ आठवडे सावकाश वाळू देतात.

या दोन रीतींमुळे पानात मोठा फरक पडतो. तोडलेले पान लगेच मरत नाही. ते श्वास घेत राहते आणि श्वासासाठी स्वतःतली साखर खर्चते. बर्लीचे पान बराच काळ असे जगत राहते, त्यामुळे वाळेपर्यंत त्याच्यात साखर नावालाच उरते. व्हर्जिनियाच्या पानाचा श्वास भट्टीची आच लवकर थांबवते, म्हणून त्यातली साखर जागच्या जागी राहते. तिचे प्रमाण वजनाच्या पंधरा-वीस टक्क्यांवरही जाते. बिनगोडाची कॅव्हेंडिश व्हर्जिनियाची असेल तर तिच्यात वरून घातलेला गोडवा नसला तरी पानाचा अंगचा गोडवा असतो. मनुका, वाळके गवत आणि किंचित आंबूस फळ यांची आठवण करून देणारा असा तो असतो. बर्लीची असेल तर चव कोरडी, कोकोच्या किंवा भाजलेल्या दाण्याच्या अंगाने जाणारी. मिश्रणासाठी व्हर्जिनियाची कॅव्हेंडिश अधिक कामाची. बर्लीचे पान सच्छिद्र असल्यामुळे ते पाक भराभर पिते, आणि म्हणूनच गोड, सुगंधी कॅव्हेंडिशसाठी कारखाने बहुधा तेच वापरतात.

तयार करण्याची क्रिया वरवर साधी दिसते. पानाची मधली जाड शीर काढून टाकतात, कारण ती जळताना तडतडते आणि चवीत काडीसारखा कडवटपणा आणते. उरलेले पान पाणी शिंपडून मऊ करतात. बोटाभोवती गुंडाळले तर तडकू नये, पण पिळले तर पाणीही सुटू नये, इतकी ओल पुरते. मग ते बंद पेटीत रचून खालून वाफ सोडतात. पहिल्या तासाभरात पेटीतून येणारा वास उग्र असतो, डोळ्यांना चरचरणारा. पानातला अमोनिया आणि इतर उडून जाणारी तिखट द्रव्ये याच वेळी बाहेर पडतात. हा वास ओसरत जातो आणि त्याच्या जागी भाजक्या धान्याचा, पुढे चिंचोके भाजल्यासारखा खमंग वास येऊ लागतो. पिवळे पान आधी विटकरी, मग गडद तपकिरी आणि शेवटी काळे होते. त्यानंतर गरम असतानाच ते दाबयंत्रात घालतात. दाबाखाली पानांचा रस एका पानातून दुसऱ्यात मुरतो आणि सगळ्याची एक घट्ट वडी बनते. वडी निवली की तिचे काप करतात, आणि काप मोकळे करून फितीसारखी तंबाखू मिळते.

काळा रंग जळल्याने येत नाही. पानातली साखर आणि अमिनो आम्ले उष्णतेने एकमेकांशी संयोग पावतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मायार याने १९१२ मध्ये मांडलेली ही अभिक्रिया पावाच्या कवचाला आणि भाजलेल्या कॉफीलाही रंग व वास देते. वाफेने पान चवीला मऊ होते ते मुख्यतः याच अभिक्रियेमुळे. तिच्यात मोकळी साखर आणि नत्रयुक्त द्रव्ये दोन्ही खर्ची पडतात, म्हणजे पाइप ओढताना जिभेला चटका देणाऱ्या दोन्ही बाजू एकदमच बोथट होतात. साखर जास्त असलेली ताजी व्हर्जिनिया गरम जळते आणि तिचा धूर आम्लधर्मी असतो. साखर नसलेल्या बर्लीचा धूर क्षाराकडे झुकतो आणि घशाला लागतो. वाफवलेले काळे पान या दोहोंच्या मध्ये येते.

नुसती बिनगोडाची ब्लॅक कॅव्हेंडिश पाइपमध्ये भरून ओढली तर पहिल्यांदा निराशाच होते. डबा उघडल्यावर वास फारसा येत नाही. ओलसर कडबा, थोडी मनुका, थोडी काळी माती. पेटवल्यावर धूर जाड आणि मऊ येतो, तोंडात भरल्यासारखा वाटतो, पण चवीचा ठाव लागत नाही. निकोटिनचा जोर कमी. आग मंद, एकसारखी, फार न विझणारी. शेवटापर्यंत चव जवळजवळ तीच राहते. चांगल्या व्हर्जिनियात पाइपचे भांडे अर्ध्यावर आले की चव दाटत जाते, तसा चढ इथे नाही. म्हणून एकटीने ओढण्याची तंबाखू म्हणून तिची किंमत कमीच आहे, आणि तसे सांगणाऱ्या जाणकारांचे बरोबर आहे. तिची किंमत कळते ती दुसऱ्या पानांच्या संगतीत.

इंग्रजी मिश्रणातली इतर पाने बोलकी असतात. सायप्रस आणि सीरियाकडची लाटाकिया लाकडाच्या धुरीवर वाळवलेली असते आणि डब्यातूनच शेकोटीचा, कातड्याचा वास मारते. लुइझियानातल्या सेंट जेम्स पॅरिश या छोट्या मुलुखातली पेरिक ओकच्या पिंपात दाबून आंबवतात. ती मिरीसारखी तिखट आणि वाळक्या अंजिरासारखी आंबटगोड. ग्रीस-तुर्कस्तानची उन्हात वाळवलेली बारीक ओरिएंटल पाने सुगंधी आणि किंचित आंबट. ही तिन्ही व्हर्जिनियात घातली की प्रत्येकीचा आवाज वेगळा ऐकू येतो. लाटाकियाचा धूर जिभेच्या मागे, पेरिक नाकात, व्हर्जिनिया पुढे. मध्ये पोकळ्या राहतात. ब्लॅक कॅव्हेंडिश त्या पोकळ्या भरते. तिचा जाड धूर बाकीच्यांच्या पातळ धुराला अंग देतो, लाटाकियाची कडा घासून मऊ करतो आणि मिश्रण एकूण सावकाश जळू लागते. तिची स्वतःची चव मात्र कुठेच डोके वर काढत नाही. भाजीच्या रश्श्याला दाट करणाऱ्या खोबऱ्याच्या वाटणासारखे तिचे काम असते.

समजा शंभर ग्रॅम मिश्रण करायचे आहे. पन्नास ग्रॅम व्हर्जिनिया, वीस लाटाकिया, पंधरा ओरिएंटल आणि पंधरा बिनगोडाची कॅव्हेंडिश असा मेळ सुरुवातीला बसवतात. कॅव्हेंडिश पाच-सात ग्रॅमपर्यंत उतरवली तर फरक कळेनासा होतो. तीस-पस्तीसच्या पुढे नेली तर धूर दाट राहतो पण चव बसते, लाटाकियाही पाण्यात विरघळल्यासारखी फिकी पडते. मिसळल्यावर सगळी पाने एकमेकांत मुरायला बंद बरणीत निदान दोन-तीन आठवडे द्यावे लागतात. लगेच ओढून पाहिलेल्या मिश्रणावर मत बनवणे चुकीचे ठरते.

लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर आल्फ्रेड डनहिलने १९०७ मध्ये तंबाखूचे दुकान काढले, तेव्हा हाच धंदा गिऱ्हाइकाच्या समोर चालत असे. गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे पाने मिसळून ते मिश्रण वहीत क्रमांकासह नोंदवले जाई आणि पुढच्या वेळी त्या क्रमांकावरून तसेच्या तसे बनवून दिले जाई. त्यातले ९६५ क्रमांकाचे मिश्रण पुढे डब्यातून जगभर विकले गेले. व्हर्जिनिया, ओरिएंटल आणि लाटाकिया यांच्या जोडीला त्यात तपकिरी कॅव्हेंडिश आहे, आणि लाटाकिया असूनही त्याला जी गोलाई आहे ती बरीचशी या कॅव्हेंडिशचीच. अशा वहीवर धंदा चालवायचा तर घटक पाने वर्षानुवर्षे सारखी हवीत. पाक मुरवलेल्या पानात पाकाचे प्रमाण बदलले की सगळे मिश्रण बदलते. बिनगोडाच्या पानावर भरवसा ठेवता येतो तो इथे.

गोड कॅव्हेंडिशचा दुसरा तोटा ओलाव्याचा. साखर आणि पाक टिकवण्यासाठी घातलेली प्रॉपिलीन ग्लायकॉलसारखी द्रव्ये पाणी धरून ठेवतात. अशी तंबाखू पेटली की आधी तिच्यातले पाणी वाफ होऊन निघते, आणि जिभेला चटका बहुतेक वेळा त्या वाफेचाच बसतो. महाराष्ट्रात हुक्क्यासाठी पूर्वी गुळात मळलेली गुडाखू वापरत. तिथे निखारा वर असतो, तंबाखू शेकली जाते आणि धूर पाण्यातून गार होऊन येतो, म्हणून गूळ चालतो. पाइपमध्ये तंबाखूच निखारा होते. तिथे गूळ जळतो, भांड्याच्या तळाशी चिकट ओल साठते आणि पाइपच्या लाकडालाही तो वास धरतो. बिनगोडाच्या कॅव्हेंडिशने भांडे कोरडे राहते, मागे राखाडी मऊ राख उरते, आणि त्याच पाइपमध्ये पुढे दुसरी तंबाखू भरली तरी आधीचा वास त्रास देत नाही.

विकत घेताना एक गोष्ट तपासावी लागते. बिनगोडाची म्हणून विकल्या जाणाऱ्या मालातही काही कारखाने ओल टिकवणारी द्रव्ये घालतात, फक्त वास घालत नाहीत. चिमूटभर तंबाखू कागदावर पसरून रात्रभर उघडी ठेवली आणि सकाळी ती कुरकुरीत झाली नाही, बोटाला तेलकट लागली, तर तिच्यात पाण्याखेरीज आणखी काही आहे असे समजावे. हवेत दमटपणा असेल तेव्हा ही कसोटी फसते, म्हणून ती कोरड्या दिवसांत घ्यावी.

साखर नसण्याचा संबंध चवीशी आणि जळण्याशी आहे, आरोग्याशी नाही. पाइपच्या धुराने तोंड, घसा, अन्ननलिका आणि फुप्फुसाचा कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे. धूर छातीत न घेता तोंडातच खेळवला तरी निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात उतरते. सौम्य चवीमुळे यात काही फरक पडत नाही.

साठवणीत बिनगोडाची ब्लॅक कॅव्हेंडिश इतर पानांहून कमी बदलते. व्हर्जिनिया हवाबंद डब्यात पाच-दहा वर्षे मुरली की तिची साखर आणि आम्ले हळूहळू बदलून ती अधिक गोल होते, म्हणून शौकीन तिचे डबे वर्षानुवर्षे जपून ठेवतात. कॅव्हेंडिशमध्ये ते काम वाफेने आधीच उरकलेले असते. जुनी करण्यासाठी ती ठेवण्यात अर्थ नाही. हवाबंद बरणीत, उजेडापासून दूर ठेवावी आणि मिश्रणाला लागेल तशी काढावी.