न्यायमूर्ती हँड यांचे गणित

अमेरिकेतील विधिमहाविद्यालयांत ज्यांचे निवाडे आजही पहिल्या वर्षापासून अभ्यासले जातात, अशा न्यायाधीशांत एक नाव असे आहे की, जे त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या यादीत शोधूनही सापडणार नाही. लर्नेड हँड हे ते नाव होय. १९०९ मध्ये ३७ व्या वर्षी ते न्यूयॉर्कच्या संघीय जिल्हा न्यायालयात न्यायासनावर बसले आणि १९६१ मध्ये मृत्यूनेच त्यांना तेथून उठवले. या ५२ वर्षांपैकी ३७ वर्षे त्यांनी न्यूयॉर्क, कनेक्टिकट व व्हरमाँट या तीन राज्यांसाठी असलेल्या संघीय अपील न्यायालयात काढली.

अमेरिकेची संघीय न्यायव्यवस्था तीन पायऱ्यांची आहे. तळाशी जिल्हा न्यायालये, वर सर्वोच्च न्यायालय आणि मध्ये ही अपील न्यायालये. सर्वोच्च न्यायालय निवडक खटलेच सुनावणीस घेत असल्याने बहुसंख्य पक्षकारांच्या दृष्टीने मधल्या पायरीचा शब्द हाच अखेरचा ठरतो. न्यायाधीशांची नेमणूक राष्ट्राध्यक्षांनी करायची, सिनेटने तिला संमती द्यायची आणि मग तहहयात पद. आपल्याकडे उच्च न्यायालयाचा न्यायाधीश ६२ व्या वर्षी निवृत्त होतो. हा नियम हँड यांना लागू असता तर त्यांना १९३४ च्या जानेवारीतच घरी बसावे लागले असते आणि ज्या निवाड्यांमुळे त्यांचे नाव अर्थशास्त्राच्या ग्रंथांत शिरले, ते लिहिलेच गेले नसते.

त्यांच्या कारकिर्दीला पहिली ठेच बसली ती १९१७ मध्ये. अमेरिका महायुद्धात उतरली होती आणि हेरगिरीविरोधी नव्या कायद्याचा आधार घेऊन न्यूयॉर्कच्या पोस्टमास्तरांनी ‘द मासेस’ हे समाजवादी मासिक टपालाने पाठवण्यास नकार दिला. हँड यांनी त्यांना मनाई केली. युद्धावर आणि सक्तीच्या सैन्यभरतीवर कितीही कडवट टीका असो. जोवर मजकूर कायदा मोडण्याची प्रत्यक्ष चिथावणी देत नाही, तोवर तो या कायद्याच्या कक्षेत येत नाही, असा त्यांचा दंडक होता. वाचणाऱ्यांच्या मनावर काय परिणाम होईल याचा तर्क करत बसण्यापेक्षा शब्द काय सांगतात ते पाहा, असा त्याचा मथितार्थ. अपील न्यायालयाने हा निर्णय फिरवला. त्या वेळी त्याच अपील न्यायालयात बढती मिळण्याची हँड यांना आशा होती. ती या निकालामुळे हुकली असे मानले जाते. १९१८ मध्ये ती जागा मार्टिन मँटन यांना मिळाली. हे मँटन पुढे १९३९ मध्ये निकाल विकल्याच्या प्रकरणात दोषी ठरून तुरुंगात गेले आणि त्यांच्यानंतर त्या न्यायालयाचे ज्येष्ठपद आले ते हँड यांच्याकडेच! हँड यांची बढती मात्र १९२४ मध्ये, राष्ट्राध्यक्ष कूलिज यांच्या हातून झाली होती.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हँड परिचित असतात ते एका बुडालेल्या बार्जमुळे. त्याआधी १९३२ मध्ये त्यांनी एक महत्त्वाचा निवाडा दिला होता. कोळशाने भरलेली बार्जे ओढणाऱ्या दोन टगबोटींवर चालू स्थितीतले रेडिओ नव्हते. वादळाची सूचना त्यांना मिळाली नाही आणि बार्जे बुडाली. टगबोटींवर रेडिओ ठेवण्याची या धंद्यात रीतच नाही, हा बचाव हँड यांनी मानला नाही. सबंध धंदाच नव्या आणि स्वस्त साधनाबाबत मागे राहिलेला असू शकतो, असे त्यांनी बजावले. मग रीत हे माप नव्हे, तर माप कोणते? उत्तर मिळाले १९४७ मध्ये. जानेवारी १९४४ मध्ये, ऐन युद्धाच्या धामधुमीत, न्यूयॉर्क बंदरात ‘अ‍ॅना सी’ हे पिठाने लादलेले बार्ज दोर सुटून वाहत गेले, एका टँकरवर आदळले, त्याच्या पंख्याने त्याला तळाशी भोक पडले आणि ते मालासकट बुडाले. बार्जवरचा राखणदार आदल्या संध्याकाळपासून जागेवर नव्हता. तो असता तर भोक वेळीच लक्षात येऊन बार्ज वाचवता आले असते. मालकाने हयगय केली काय, हा प्रश्न हँड यांनी बीजगणिताच्या भाषेत मांडला. अपघाताची संभाव्यता आणि त्यातून होणारी हानी यांचा गुणाकार करा. काळजी घेण्याचा खर्च त्याहून कमी असताना ती घेतली नसेल, तर ती हयगय. राखणदाराचा पगार तो काय आणि गर्दीच्या बंदरात पिठाने भरलेल्या बार्जची जोखीम ती काय! मालकाला नुकसानीचा वाटा उचलावा लागला.

या तीन अक्षरांच्या सूत्रातून पुढे कायद्याच्या अर्थशास्त्रीय विश्लेषणाची एक शाखाच उभी राहिली. वस्तुतः हँड यांना स्वतःला त्याचा फारसा गर्व नव्हता. १९४९ मध्ये एका अपघाताच्या दाव्यात त्यांनीच लिहिले की, यातील घटक प्रत्यक्षात मोजता येत नाहीत. ज्यांना समान माप नाही त्यांना आपण संख्येची कसोटी लावतो आहोत. ही कबुली ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

दरम्यान सर्वोच्च न्यायालयाची वाट दुसऱ्यांदा बंद झाली होती. १९४२ मध्ये तेथे जागा रिकामी झाली तेव्हा न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी हँड यांच्यासाठी खटपट केली. पण हँड ७० वर्षांचे होते आणि सत्तरी ओलांडलेल्या न्यायाधीशांचे निमित्त करून न्यायालय वाढवण्याची योजना रूझवेल्ट यांनीच १९३७ मध्ये आणली होती. जागा मिळाली ४८ वर्षांच्या वायली रटलेज यांना. ते १९४९ मध्ये वारले. हँड त्यांच्यानंतर बारा वर्षे जगले. गंमत अशी की, १९४५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचेच काम हँड यांच्याकडे चालून आले. अल्युमिनियमची मक्तेदारी असलेल्या अल्कोआ कंपनीच्या खटल्यात तेथे गणसंख्या भरेना, म्हणून खास कायदा करून तो अपील न्यायालयाच्या तिघा ज्येष्ठांपुढे आला. बाजाराचा ९० टक्के हिस्सा म्हणजे मक्तेदारी, ६० ते ६४ टक्क्यांबाबत शंका, ३३ टक्के निश्चित नव्हे, ही त्यांची पट्टी दीर्घकाळ प्रमाण राहिली. मागणी वाढण्याआधीच उत्पादनक्षमता वाढवत नेणे हाही गुन्ह्याचा पुरावा धरावा काय, याबद्दल अर्थशास्त्रज्ञांनी त्यांच्यावर पुष्कळ टीका केली आणि ती निराधार नव्हती.

तथापि खरी कसोटी लागली ती १९५० मध्ये. कम्युनिस्ट पक्षाच्या ११ नेत्यांना १९४० च्या स्मिथ कायद्याखाली झालेली शिक्षा अपिलात हँड यांच्यापुढे आली. आरोप प्रत्यक्ष उठावाचा नव्हता. सत्ता बळाने उलथण्याची शिकवण देण्याचा कट, असा होता. कोरियात युद्ध पेटले होते. हँड यांनी शिक्षा कायम केली आणि त्यासाठी जी कसोटी घडवली, ती बार्जच्या सूत्राचीच बहीण होती. अनिष्टाची तीव्रता घ्या, ते घडण्याच्या असंभवाइतकी ती कमी करा आणि उरलेल्या धोक्यापोटी भाषणस्वातंत्र्याचा संकोच समर्थनीय ठरतो काय ते पाहा. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच कसोटी उचलून धरली. ब्लॅक आणि डग्लस हे दोघेच विरोधात गेले.

सूत्र तेच, मग बिघडले कुठे? बार्जची किंमत असते, राखणदाराच्या पगाराचा आकडा असतो आणि बंदरात दोर किती वेळा सुटतात याचा अनुभव असतो. राज्य उलथण्याचे अनिष्ट मात्र इतके प्रचंड मानले जाते की, त्याला कितीही बारीक संभाव्यतेने गुणले तरी फळ मोठेच येणार. दुसऱ्या पारड्यातल्या न उच्चारलेल्या वाक्याचा भाव कोणत्याच बाजारात लागत नाही. सूत्राने येथे न्यायाधीशाला शिस्त लावली नाही. त्या वर्षीच्या भीतीला आकड्याचा पोशाख चढवला. आणि हे कुणा भित्र्या माणसाच्या हातून घडले नाही, हे अधिक क्लेशदायक आहे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात हेरगिरीच्या आरोपातील जुडिथ कोप्लन हिची शिक्षा हँड यांनीच रद्द केली. तिचा अपराध त्यांना उघड दिसत होता. परंतु तिला वॉरंटाशिवाय अटक झाली होती आणि चोरून ऐकलेल्या दूरध्वनी संभाषणांची नोंद बचावपक्षापासून दडवली होती. कम्युनिस्ट नेत्यांवर खटला भरणे शहाणपणाचे होते असेही त्यांना वाटत नव्हते. परंतु लोकनियुक्त विधिमंडळाच्या निर्णयाआड न्यायालयाने येऊ नये, हा त्यांचा जुना आग्रह होता. १९५८ मध्ये हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांत शाळांमधील वर्णभेद मोडणाऱ्या निकालाबद्दलही त्यांनी याच आग्रहापोटी शंका घेतली आणि आपल्या अनेक चाहत्यांना दुखावले.

१८ ऑगस्ट १९६१ रोजी ते वारले. १९६९ मध्ये ओहायोतील कू क्लक्स क्लॅनच्या एका पुढाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नवा दंडक घातला. तत्काळ बेकायदा कृती घडवण्याचीच चिथावणी असेल आणि ती घडण्याचा संभवही असेल, तरच भाषण दंडनीय. त्या दंडकाच्या पहिल्या अर्ध्या भागात विधिज्ञांना १९१७ मधील त्या फिरवल्या गेलेल्या निकालाची ओळख पटली.