निळं दिसलं म्हणजे पिकलं नाही!

रीलमध्ये झकास दिसणारी हनीबेरी आपल्या गॅलरीत येईल का? ती मूळची कुठली, घरच्या बागेत तिला वाढवतात कशी आणि तिच्या गोष्टीत आपल्यासाठी काय आहे, त्याविषयी...

रात्री झोपण्याआधी ‘पाचच मिनिटं’ म्हणून तुम्ही मोबाइल हातात घेता. बागकामाचं एक रील समोर येतं. कुणाच्या तरी परसात कंबरेएवढं झुडूप आहे, त्याला गडद निळी, लांबट फळं लगडली आहेत. झुडपाखाली उलटी छत्री धरून कुणीतरी फांद्या हलवतं आणि टपाटप फळं छत्रीत पडतात. खाली लिहिलंय, ‘हनीबेरी’. मग सर्च होतो, शॉपिंग अॅप उघडतं आणि बियांचं पाकीट कार्टमध्ये जाऊन बसतं.

जरा थांबा. ‘पे’वर बोट ठेवण्याआधी या झुडपाची ओळख करून घ्या. ओळख झाली की पाकीट तुम्ही आपोआप कार्टमधून काढाल, पण झुडूप मात्र आवडून जाईल.

एक फळ, तीन नावं

हनीबेरी म्हणजे हनीसकलच्या कुळातलं खाता येणारं फळ. शास्त्रीय नाव लोनिसेरा सेरुलिया. रशियात याला ‘झिमोलस्त’ म्हणतात, तर जपानमध्ये ‘हस्कॅप’. हा शब्द होक्काइडो बेटावरच्या मूळ रहिवासी आयनू लोकांच्या भाषेतून आला. फांदीवर भरपूर लागणारं, असा त्याचा साधारण अर्थ. कॅनडानेही हेच नाव उचललं. रशिया, उत्तर जपान, कॅनडा अशा थंड प्रदेशांत हे झुडूप रानात आपोआप उगवतं.

चव कशी? रास्पबेरी आणि ब्लूबेरी यांच्या मधली, जरा आंबटाकडे झुकणारी. साल इतकी पातळ की आइस्क्रीममध्ये फळ अक्षरशः विरघळतं. आतला रस लालजांभळा, कपड्यावर पडला तर जांभळासारखा डाग ठरलेला!

इथे दोन गोष्टी डोक्यात पक्क्या करा. एक, हनीसकलच्या अनेक जातींना लाल-केशरी फळं येतात. ती खायची नसतात, काही तर विषारी असतात. त्यामुळे शोभेच्या हनीसकलचं फळ दिसलं आणि तोंडात टाकलं, असं चालणार नाही. दोन, शब्दकोशात हनीसकलला ‘मधुमालती’ असा शब्द सापडतो. पण आपल्या सोसायटीच्या गेटवर चढलेली, पांढरी-गुलाबी-लाल फुलांची मधुमालती वेगळीच. तिचा या कुळाशी संबंध नाही.

थंडीतला दादा

हे झुडूप किती कणखर आहे? सुप्तावस्थेत असताना ते उणे 47 अंश सेल्सिअसपर्यंतची थंडी काढतं. त्याहून भारी म्हणजे त्याची उमललेली फुलं उणे 7 अंशांपर्यंत तग धरतात. सफरचंदाचा मोहोर ज्या कडाक्यात करपून जाईल, त्यात हे झुडूप फळ धरतं. म्हणूनच कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात हे घरोघरच्या बागेत शिरलं. तिथल्या सस्कॅचवान विद्यापीठात डॉ. बॉब बोर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रशियन आणि जपानी झुडपांचा संकर करून नवे वाण तयार केले. टुंड्रा, इंडिगो जेम, ऑरोरा, बोरियल ब्यूटी ही त्यातली काही नावं.

मास्टर्ससाठी सस्कॅटूनला जायचा बेत असेल, तर घरमालकाच्या अंगणात हे झुडूप तुम्हाला भेटू शकतं. त्यामुळे ते लावतात कसं, हेही बघून ठेवा.

लावायचं कसं?

पहिला नियम जोडीचा. एकच झुडूप लावलं, किंवा एकाच वाणाची चार लावली, तर फळ फारसं धरत नाही. एकमेकांशी नातं नसलेले आणि एकाच वेळी फुलणारे दोन वेगळे वाण जवळ हवेत. परागीभवनाचं काम मुख्यतः भुंग्यासारख्या केसाळ बम्बलबी करतात, कारण इतर माश्या थंडीने गारठलेल्या असताना त्या कामाला लागलेल्या असतात. फुलांची एक गंमत आहे. ती जोडीने येतात आणि दोन फुलांचे बीजकोश एकाच आवरणात वाढतात. म्हणजे तुम्ही एक बेरी खाता, ती खरं तर दोन फुलांची असते.

दुसरा नियम जागेचा. भरपूर ऊन, पाण्याचा निचरा होणारी जमीन आणि दोन झुडपांत सव्वा ते दीड मीटर अंतर. ब्लूबेरीला आम्लधर्मी मातीच लागते. हिचे तसे नखरे नाहीत. पण मुळं वरच्या वर पसरतात, म्हणून पहिली दोन-तीन वर्षं पाणी नेमाने द्यायचं, गवत वाढू द्यायचं नाही आणि बुंध्याशी पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवायचं.

तिसरा नियम कात्री लांब ठेवण्याचा. सुरुवातीची काही वर्षं छाटणीच नाही. झुडूप मोठं झालं की हिवाळ्याच्या शेवटी फक्त सगळ्यात जुन्या फांद्या बुडापासून काढायच्या. तिसऱ्या वर्षाच्या आसपास मूठ-दोन मुठी फळं मिळतात, मनसोक्त खायला आणखी दोन-तीन वर्षं लागतात. एकदा जम बसला की मात्र झुडूप कित्येक वर्षं फळतं.

उन्हाळा संपता संपता पानं तपकिरी होतात, करपल्यासारखी दिसतात. नवा माणूस घाबरून पाण्याचा मारा करतो. झुडपाला काही झालेलं नसतं. त्याचं वर्षाचं काम आटोपलेलं असतं आणि ते लवकर झोपायच्या तयारीत असतं.

रंगावर जाऊ नका

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे फळ पिकण्याच्या बरंच आधी निळं होतं. रंग बघून तोडलं की आंबट-तुरट लागतं आणि लोक म्हणतात, ‘ह्या, याच्यात काय एवढं?’ रंग आल्यावरही दोन-तीन आठवडे थांबावं लागतं. ओळखायचं कसं? एक फळ मधोमध कापा. आत हिरवट असेल तर थांबा, पूर्ण लालजांभळं असेल तर तोडा. तोवर झुडपावर जाळी टाकून ठेवा, कारण तुम्ही थांबाल, पाखरं थांबणार नाहीत.

कारखाना आला, झुडपं परसात गेली

आता होक्काइडोला जाऊ. तिथल्या तोमाकोमाई शहराजवळ युफुत्सू नावाचं पाणथळ मैदान आहे. हस्कॅप तिथे रानोमाळ होतं. आपण करवंदं काढायला डोंगरावर जातो, तसे लोक ते वेचायला जायचे. काही घरांत ते मिठात मुरवून भाताच्या गोळ्यात घालत. 1953 पासून तोमाकोमाईत हस्कॅपच्या जॅमचा ‘योइतोमाके’ नावाचा रोल केक मिळतो. जॅम आत असतोच, बाहेरूनही थापलेला असतो. जपानमधला खायला सगळ्यात अवघड गोड पदार्थ, अशी त्याची कौतुकाने केलेली थट्टा प्रसिद्ध आहे.

मग 1970 च्या दशकात या मैदानावर मोठ्या औद्योगिक वसाहतीचं काम सुरू झालं. रानातली झुडपं जाणार हे उघड होतं. तेव्हा लोकांनी ती मुळासकट उपटून नेली, कुणी घरच्या परसात लावली, कुणी शेतात. शेजारच्या अत्सुमा गावातल्या शेतकऱ्यांनी ती वाढवली. एका शेतकरी कुटुंबाने एकेका झुडपाचं फळ चाखून गोड कुठलं, कडवट कुठलं याची निवड केली आणि त्यातून नवे वाण आले. आज अत्सुमा हे जपानमधलं हस्कॅपचं मोठं केंद्र आहे.

रशियातही असंच काहीसं घडलं. सेंट पीटर्सबर्गजवळ पाव्हलोव्स्क इथे 1926 पासून वाव्हिलोव्ह संस्थेचं केंद्र आहे. तिथे फळझाडांच्या हजारो जातींबरोबर झिमोलस्तचा मोठा संग्रह शेतात, जिवंत झाडांच्या रूपात जपला आहे. 2010 मध्ये ती जमीन घरबांधणीसाठी लिलावात काढायचा घाट घातला गेला. जगभरच्या शास्त्रज्ञांनी आवाज उठवला, सह्यांच्या मोहिमा झाल्या, प्रकरण थेट रशियाच्या अध्यक्षांपर्यंत गेलं आणि अखेर जमीन वाचली. धान्याचं बी डब्यात भरून गारठ्यात ठेवता येतं. पण बेरीच्या नेमक्या वाणाचं झाड बीपासून जसंच्या तसं मिळत नाही, त्यासाठी झाडच जिवंत ठेवावं लागतं.

मग त्या पाकिटाचं काय?

तुमच्या कार्टमधल्या पाकिटाचं उत्तर यातच आलं. नावाजलेले वाण काडीपासून किंवा टिश्यू कल्चरने वाढवतात. त्यामुळे बियांच्या पाकिटावर वाणाचं नाव छापलेलं असेल, तर तिथेच शंका घ्या. बी उगवलं तरी झुडपाला दर वर्षी महिनोन्महिने कडक थंडी लागते, त्याशिवाय त्याची झोप नीट होत नाही. मुंबई-पुण्याच्या गॅलरीत ती कुठून आणणार? ‘पण महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी येतेच की!’ येते. मात्र तिथे पावसाळा सरता सरता दर वर्षी नवी रोपं लावतात आणि एका हंगामात फळं काढून मोकळे होतात. वर्षानुवर्षं एकाच जागी उभ्या राहणाऱ्या झुडपाला ही सोय नाही. शिवाय परदेशातून बी किंवा रोप मागवायचं तर वनस्पती विलगीकरणाचे नियम आहेत, परवाना आणि रोगमुक्त असल्याचं प्रमाणपत्र लागतं. मित्राच्या बॅगेतून गुपचूप आणायची ही गोष्ट नव्हे.

मग बेरीचं वेड मारून टाकायचं का? मुळीच नाही. आपलं हवामान ज्यांना मानवतं, अशी फळझुडपं आपल्याकडेच आहेत.

तुतीची पेन्सिलएवढी जाड काडी पावसाळ्यात कुंडीत खोचा, सहज जगते. पुढे ती मोठ्या कुंडीत हलवा. गॅलरीत ऊन येत असेल तर काळी-लाल तुती घरच्या घरी मिळेल. गावी अंगण असेल तर फालसा लावा. दर वर्षी छाटला की नव्या फुटींवर छान फळतो. आणि कुंपणालगत जागा असेल तर करवंद. काट्यांचं कुंपणही होतं, कच्च्या फळांचं लोणचंही आणि मे महिन्यात जाळीतली काळीभोर करवंदंही. यासाठी कुरिअरची वाट बघायला नको. तुती शेजारच्या सोसायटीत असते आणि काडी मागितली तर काका-काकू सहसा नाही म्हणत नाहीत.

युफुत्सूच्या लोकांवर वेळ आली तेव्हा त्यांनी झुडपं हलवली. आपल्या टेकड्यांवरच्या करवंदाच्या जाळ्या रस्ते, प्लॉटिंग आणि वणव्यांत दर वर्षी थोड्या थोड्या कमी होताना दिसतात. त्या उपटून आणायची गरज नाही, उलट त्या तिथेच राहू द्या. येत्या मे महिन्यात ट्रेकहून येताना द्रोणभर करवंदं घ्याल, तेव्हा बिया थुंकून टाकू नका. धुऊन, सावलीत सुकवून लगेच पिशवीत पेरा, कारण हे बी फार दिवस टिकत नाही. रोप हातभर झालं की ते कुणाच्या कुंपणाला लावायचं, ते आत्तापासूनच ठरवून ठेवा. फळासाठी दोन-तीन वर्षं थांबावं लागेल. तोवर तुमची डिग्रीही हातात आलेली असेल.