लाकूड जोडताना (भाग ७) : स्लेडचा काटकोन

मागच्या आठवड्यात आपण टेबल सॉचं पातं टेबलावरच्या खाचेला समांतर करून घेतलं. आज त्या खाचेतून सरकणारी स्लेड बनवायची आहे.

ड्रॉवर असो की खिडकीची चौकट, सांधा बसणार की नाही हे कापतानाच ठरतं. ४०० मिमी रुंद फळीचा काप एका अंशाने चुकला, तर पलीकडच्या कडेला ७ मिमीचा फरक पडतो. एवढी फट फेविकॉलने बुजवली तरी सांधा जोर धरत नाही. यंत्रासोबत येणाऱ्या छोट्या मायटर गेजला टेकवलेली रुंद फळी पुढे ढकलताना वळते. स्लेडवर फळी आणि तिच्याखालचा पाट एकत्रच सरकतात, त्यामुळे फळीला वळायला वावच राहत नाही.

मिरजेच्या सतारमेकरांचा हात पिढ्यान्‌पिढ्या घडत आला. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. असा हात कमवायला वर्षं जातात. कारखान्याची वाट वेगळी : एकदा नीट बांधलेलं जिग प्रत्येक नगाला तोच काटकोन देतं. १९१० पासून किर्लोस्करवाडी पाहणाऱ्या या मुलखाला हे सांगायला नको. स्लेड हे सुताराचं जिग आहे आणि ते ज्याचं त्याने बांधावं, कारण ते त्याच्याच यंत्राच्या मापाचं असावं लागतं.

पाटासाठी १२ मिमी, म्हणजे ४ सुती, सपाट प्लाय घ्या. खाचेत सरकणाऱ्या पट्ट्या जुन्या, मुरलेल्या सागवानाच्या करा. पाटण-महाबळेश्वरकडे आषाढात लाकूड फुगून पट्टी अडकते, तर जत-आटपाडीकडे चैत्रात तीच सैल पडते. म्हणून पावसाळी भागात पट्टी अंगाबरोबर न ठेवता किंचित सैल ठेवा आणि तिला मेणबत्ती घासा. उन्हाळा-पावसाळ्याचा हा त्रास नको असेल, तर ॲल्युमिनियमची पट्टी वापरा. अनेक छोट्या वर्कशॉपमध्ये प्लायच्या टेबलाखाली सर्क्युलर सॉ उलटा बसवलेला असतो. अशा टेबलाला खाचा नसतात. तिथे पाटाखाली दोन्ही बाजूंनी पट्ट्या ठोकून त्या टेबलाच्या बाहेरच्या कडांना घासत चालू द्या. मात्र आधी त्या कडा एकमेकींना आणि पात्याला समांतर हव्यात.

पाटावर दोन उभ्या पट्ट्या लागतात. पलीकडची फक्त पाटाचे दोन भाग एकत्र धरते. तुमच्या बाजूची खरं काम करते, कारण फळी तिलाच टेकते. ती १८ मिमी प्लायचे दोन थर चिकटवून करा, म्हणजे वाकणार नाही. तिच्या उजव्या टोकाला एक स्क्रू पक्का करा आणि डावं टोक सध्या क्लॅम्पने धरा.

आता परीक्षा. गुण्या लावून भागणार नाही, बारीक चूक गुण्यावर दिसत नाही. प्लायचा साधारण ४०० मिमीचा चौकोनी तुकडा घ्या. एक कड कापा, ती ताजी कड पट्टीला टेकवून पुढची कापा. चारही कडा अशाच फिरवत कापून घ्या. पाचव्या वेळी पहिल्याच कडेची अर्ध्या इंचाची पट्टी काढा. प्रत्येक कापाची चूक पुढच्या कापात मिळत जाते, म्हणून या पट्टीत ती चौपट होऊन दिसते. पट्टीच्या दोन्ही टोकांची रुंदी व्हर्नियरने मोजा. समजा एक टोक १२.४ मिमी आणि दुसरं १२ मिमी भरलं. फरक ०.४. चारने भागल्यावर ४०० मिमीला ०.१ मिमी चूक निघाली. स्क्रूपासून क्लॅम्पपर्यंत ४८० मिमी अंतर असेल, तर उभी पट्टी तिथे ०.१२ मिमी सरकवायची. गॅरेजमध्ये टॅपेट सेट करायला वापरतात ती फीलर गेज इथे उपयोगी पडते. पट्टीच्या मागे एक ठोकळा टेकवून घट्ट करा आणि मध्ये योग्य जाडीचं पान घालून पट्टी सरकवा. पुन्हा पाच काप घ्या. फरक वाढला तर दिशा उलटी आहे. फरक जवळपास नाहीसा झाला, की डावीकडचा स्क्रू पक्का करा.

शेवटचं काम सर्वांत महत्त्वाचं. काप संपताना पातं तुमच्या बाजूच्या पट्टीतून बाहेर येतं, आणि अंगठा नेमका तिथेच असतो. तिथे जाड लाकडी ठोकळा चिकटवा आणि स्लेड त्यापुढे जाऊ नये म्हणून टेबलाला अडणी लावा. उलट्या बसवलेल्या सॉवर पात्याचं झाकण नसतं, तेव्हा हे टाळूच नका.

पुढच्या आठवड्यात याच स्लेडवर एक खुंटी बसवून ड्रॉवरच्या कोपऱ्यांसाठी बॉक्स जॉइंट कापू. तोवर पाच कापांची परीक्षा करून आलेला आकडा पेन्सिलीने स्लेडवरच लिहून ठेवा. पावसाळ्यानंतर तो पुन्हा तपासायचा आहे.